नाव घातलेला डबा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर तर मुलगी म्हणते तसं, कोंबडीने उकरल्यासारखं आहे. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्याने तेवढं माफ करावं. कोणी वाचावी अशी माझी इच्छा नाही. वही मुलीची जुनी भूगोलाची आहे, मागची पानं कोरी होती. मी ती बाजरीच्या डब्यामागे ठेवते.

लिहायला सुरुवात झाली ती आमच्या वकीलसाहेबांमुळे. ते म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही चार माणसांत बोलत नाही. जे पाहिलं ते घरी बसून लिहून काढा, म्हणजे कोर्टात अडखळणार नाही." मी चार पानं लिहिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "यातलं अर्धं बोलायचं नाही." ती पानं त्यांच्या फायलीत गेली. आता सगळं झाल्यावर मी पुन्हा लिहिते आहे, त्या अर्ध्यासकट.

मी बोलत नाही हे खरं आहे. एसटीत माझं गाव मागे राहिलं तरी मी कंडक्टरला घंटी वाजवा म्हणणार नाही, पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे येईन. दुकानदाराने पाच रुपये कमी परत दिले तर घरापर्यंत मुठीतले पैसे पुन्हा पुन्हा मोजत येते, पण परत जात नाही. सासरी सुरुवातीची दोन वर्षं लोकांना वाटायचं मला कमी ऐकू येतं.

आमचे हे पिकअप चालवतात. गाडी स्वतःची आहे. जळगावकडून कच्ची केळी भरायची, थोडी धुळ्यात उतरवायची आणि बाकीची साक्री, पिंपळनेरला न्यायची. केळीचं काम वेळेचं. घड उन्हात तापले की साल काळी पडते, मग व्यापारी गाडीला एक फेरी मारतो आणि काही न बोलता भाव पाडतो. घरी हे कधी आवाज चढवत नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तर स्वतः उठून घेतात. पण स्टेअरिंगवर बसले की दुसरेच कोणी होतात. डाव्या हाताची बोटं गिअरच्या मुठीवर वाजायला लागली की मी ओळखते. मग शिवी येते, मग हॉर्न, मग गाडी पुढच्याच्या अंगावर जाते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यांच्यासोबत गाडीत बसून मी रस्ता कमी आणि ती बोटं जास्त पाहिली आहेत.

त्या दिवशी मी जळगावला बहिणीकडे बारशाला गेले होते आणि परतताना यांच्याच गाडीत बसले. होळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपारचं ऊन, मागे केळी. पारोळा मागे टाकला, धुळं जवळ येत होतं. एका पुलाचं काम सुरू होतं म्हणून दोन्हीकडची वाहनं एकाच बाजूने चालली होती. आमच्या पुढे एक छोटा टेम्पो होता. त्यात लाल मिरचीची पोती होती आणि वरची ताडपत्री एका कोपऱ्यात सुटून फडफडत होती. ती फडफडली की मिरचीची पूड उडायची आणि सरळ आमच्या गाडीत यायची. आधी मला शिंका आल्या. मग यांना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काचा वर कराव्या तर उन्हाने जीव गुदमरायचा. यांनी हॉर्न दिला, डिपर मारला. टेम्पोवाला तरी कुठे सरकणार होता? एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला समोरून येणाऱ्या गाड्या. पण यांची बोटं वाजायला लागली होती.

मी म्हटलं, "जाऊ द्या ना."

त्यांनी ऐकलं नाही. माझा आवाज हॉर्नच्या वर जात नाही.

काम संपून रस्ता मोकळा झाला तसं यांनी गाडी उजवीकडून काढली, पण इतकी जवळून की आमचा डावा आरसा टेम्पोच्या आरशाला लागला. काचा माझ्या मांडीवरच्या पिशवीत पडल्या. पिशवीत बारशाच्या घुगऱ्या होत्या. माझ्या मनगटाला थोडं खरचटलं, बाकी काही नाही. पण यांनी माझ्या हातावरचं रक्त पाहिलं आणि गाडी टेम्पोच्या पुढे नेऊन आडवी लावली.

टेम्पोवाला उतरला. आमच्या यांच्यापेक्षा तरुण होता, दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे कामाला होता, हे नंतर कळलं. डोळे त्याचेही लालच होते.

"कितला येळ हॉर्न दी राह्यनू, बहिरा शे का?" हे ओरडले.

"मी काय गाडी उडाडतू का? दोन मिनिट धीर नई व्हत का?"

"मन्हा आरसा फोडा तू!"

"तूच घासीसन गया!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "बायको शेजारे बसनी ते लगेच हिरो व्हई गया का रे?"

तेवढंच बोलला तो. रस्त्यावर लोक यापेक्षा वाईट बोलतात. पण हे वळले आणि सीटमागची टॉमी काढली. टॉमी म्हणजे टायर खोलायची लोखंडी दांडी. मी खाली कधी उतरले मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की टॉमीचं दुसरं टोक माझ्या दोन्ही हातांत होतं आणि मी ओढत होते. यांच्या हातातलं काही ओढून घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी टॉमी सोडली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी त्या माणसाला छातीवर ढकललं. तो मागे दुभाजकावर पडला, हात खाली घेऊन. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

तो ओरडला आणि आमच्या यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनीच त्याला उठवून बसवलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली. "भाऊ, हात हालवू नको, हालवू नको," म्हणत राहिले. पण तोवर ढाब्यावरचे लोक धावत आले होते, आणि लोकांनी काय पाहिलं? एक माणूस पडलेला, आणि बाजूला एक बाई लोखंडी दांडी घेऊन उभी. ती खाली टाकावी हेसुद्धा मला सुचलं नाही. पोलीस आले तेव्हा त्यांनी ती माझ्याच हातातून घेतली.

त्यामुळे हत्याराने हाड मोडल्याचं कलम लागलं. ते नसतं तर पोलीस ठाण्यातच जामीन झाला असता, असं वकीलसाहेब नंतर म्हणाले. हे पाच दिवस आत होते. गाडी जप्त झाली, केळी तिथेच गाडीत पिकली आणि कोणीतरी वाटून टाकली. कोर्टाने जामीन दिला तेव्हा वकीलसाहेबांनी अटी वाचून दाखवल्या. फिर्यादीला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, कोणामार्फत निरोप पाठवायचा नाही, धमकी नाही, आमिष नाही. एक जरी अट मोडली तरी जामीन रद्द, पुन्हा आत. मी शेजारीच उभी होते. मान हलवत होते. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, या अटी यांच्यासाठी आहेत. मी कोण? माझं नाव त्या कागदावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिचडी केली.

आमच्याकडे माणूस दवाखान्यात असला की बघायला जातात. शेजारच्या गल्लीतलं कोणी असलं तरी जातात, आणि ज्याचा हात आपल्या माणसामुळे मोडला त्याच्याकडे न जाणं मला कसंतरीच वाटत होतं. पाच दिवस माझ्या कानात तो पऱ्हाटीचा आवाज होता. त्या माणसाला कोणत्या दवाखान्यात ठेवलं आहे ते वकीलसाहेबांच्या बोलण्यातून कळलं होतं. धुळ्यातच होता. मी मुगाची खिचडी स्टीलच्या डब्यात भरली, वर तूप सोडलं, आणि यांना सांगितलं की दळण टाकून येते. हे अंघोळीला गेले होते.

वॉर्डात तो झोपलेला होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं. जवळ त्याची बायको बसली होती आणि पाचएक वर्षांची मुलगी पलंगाच्या गजावर लोंबकळत होती.

"कोनाकडून उन्यात तुम्ही? मी वळखलं नई," ती म्हणाली.

"धुळ्याचीच आहे. बघायला आले."

"शेठकडून का?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी नुसता डबा पुढे केला. तिने तो घेतला, झाकण उघडलं आणि वास घेतला. "बसा अक्का," म्हणाली आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. मग ती बोलत राहिली. हाताच्या हाडात स्टीलची पट्टी टाकली आहे, खर्च शेठने भरला पण तो पगारातून कापणार. डावा हात आहे. गिअर डाव्याच हाताने टाकतात. आता गाडी कशी चालवतील?

"ज्यानी पाडं त्याले मी शिव्या देत नई अक्का," ती म्हणाली. "माणसंस्ना राग, व्हई जास. पण त्यानी बायको व्हती म्हणे संगे. टॉमी हातमा लिसन उभी व्हती म्हणे. बाईमाणूस व्हईसन असं कोनी करस का?"

मी तिच्या स्टुलावर बसले होते. माझ्या डब्यातली खिचडी ती मुलीला भरवत होती. मी घाम पुसला आणि उठले. बघायला गेलं की घरच्या लहान पोराच्या हातावर काही ठेवल्याशिवाय कोणी निघत नाही, तसं मी मुलीच्या मुठीत शंभराची नोट ठेवली. मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ले, मावशीना पाया पड."

मुलगी वाकली तेवढ्यात त्या माणसाने डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग उजव्या कोपरावर उठायला लागला.

"ही... ही गाडीमा बसेल व्हती!"

मी जिना कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की डबा तिथेच राहिला.

तो डबा माझ्या लग्नातला. आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून देतात. पातेलं असो की चमचा, सगळ्यांवर यांचं पूर्ण नाव आणि गाव, ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं, वाचायला अगदी स्वच्छ. घरी येऊन मी मांडणीकडे पाहिलं. डब्याची जागा रिकामी दिसत होती. मी तिथे एक तांब्या ठेवला.

चार दिवस मी यांना काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला आणि दोघांना बोलावून घेतलं. समोरच्यांनी जामीन रद्द करायचा अर्ज दिला होता. आरोपीने आपल्या बायकोमार्फत जखमीच्या घरच्यांना पैसे दिले आणि दबाव आणला, असं त्यात लिहिलं होतं. सोबत डब्याचा फोटो जोडला होता. नाव स्पष्ट वाचता येत होतं.

वकीलसाहेब आधी रागावले आणि मग त्यांना हसू आवरेना. "वहिनी, मी सत्तावीस वर्षं वकिली करतो. आरोपी पुरावा लपवतात. तुम्ही आरोपीचं नाव कोरलेला पुरावा फिर्यादीच्या उशाशी ठेवून आलात. तूप घालून!"

हे हसले नाहीत. परत येताना आम्ही पायीच आलो, रिक्षा करावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. पांझरा नदीच्या पुलावर ते थांबले. पाणी नव्हतंच, नुसते दगड होते. तिकडे बघत त्यांनी विचारलं, "काय नेलं होतं डब्यात?"

"मुगाची खिचडी."

"हं."

मग म्हणाले, "जामीन रद्द झाला तर पोरीच्या परीक्षेपर्यंत तरी तिला सांगू नको. पिंपळनेरला गाडीवर गेलो म्हण."

मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे बारा दिवस मी काय खाल्लं, काय रांधलं, आठवत नाही. वकीलसाहेबांनी मला पाठ करायला दिलं होतं. त्याच दवाखान्यात माझी मामेबहीण होती, तिला भेटायला गेले, चुकून दुसऱ्या वॉर्डात शिरले, मुलगी गोड दिसली म्हणून पैसे दिले. आणि टॉमीचं कोणी विचारलंच तर ती गाडीतून काढलीच नव्हती, खाली पडलेली मी उचलली. मी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापताना हे म्हणून बघायची. मामेबहीण, मामेबहीण. जीभ त्या शब्दाला अडायची. मला मामाच नाही.

"तिला काय झालं होतं विचारलं तर?" मी वकीलसाहेबांना विचारलं.

"पाय मोडला सांगा."

"कोणता?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "डावा!"

मग मला रोज वाटायचं की मी उजवा म्हणेन. गल्लीत हॉर्न वाजला की पोलीस आले असं वाटायचं. हे घरात असायचे, गाडी नाही, काम नाही. मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या मागे उभे राहून वहीत बघायचे. दाराची कडी, कुकरची शिट्टी, कशानेही मी दाराकडे बघायची. पाच दिवस ते आत होते तेव्हा घर कसं होतं ते मी पाहिलं होतं. आता आत गेले तर माझ्या खिचडीमुळे जाणार होते.

तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. न्यायाधीश बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान असतील. समोरच्या बाकावर तो माणूस बसला होता, हात गळ्यात बांधलेला, शेजारी त्याची बायको. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत माझा डबा होता. मी दिसताच तिने पिशवीचे कान आवळून धरले.

सरकारी वकील बराच वेळ बोलले. आमचे वकील बोलले. मग मॅडम म्हणाल्या, "आरोपीच्या पत्नी आल्या आहेत का? पुढे या."

मी पुढे गेले. त्यांनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं.

"मोठ्याने बोला बाई."

मी पुन्हा बोलले. त्यांनी वर बघितलं आणि शिपायाला म्हणाल्या, "तो पंखा बंद करा." पंखा बंद झाला. आता कोर्टात फक्त माझाच आवाज उरला होता.

"त्या दवाखान्यात कशाला गेला होतात?"

मामेबहीण म्हणायचं होतं. मी त्या माणसाच्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. "त्यांना बघायला गेले होते," मी म्हटलं. "आमच्यामुळे त्यांचा हात मोडला म्हणून."

आमच्या वकीलसाहेबांनी डोळे मिटले.

"कोणी पाठवलं?"

"कोणीच नाही. यांना माहीत नव्हतं. दळण टाकायला जाते असं सांगून गेले."

"अटी माहीत होत्या ना?"

"ऐकल्या होत्या. मला वाटलं त्या यांच्यासाठी आहेत."

"पैसे किती दिले?"

"शंभर. मुलीच्या हातात. बघायला गेल्यावर लहान पोराला देतात तसे."

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "शंभर रुपयांत केस मिटवायला गेला होतात?"

"नाही मॅडम. केस मिटवता येते हेच मला ठाऊक नव्हतं."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. वकीलसाहेब मला खुणावत होते. पण पंखा बंद होता आणि सगळं ऐकू जात होतं, आणि त्या बाईने माझ्या तोंडावर म्हटलेलं मला सोळा-सतरा दिवस गिळता आलं नव्हतं. मी म्हटलं, "यांची चूक आहे. गाडी आडवी यांनी लावली. टॉमीही यांनी काढली. पण मारायला मी घेऊन उभी नव्हते. यांच्या हातून ओढून घेतली होती म्हणून ती माझ्याकडे होती. मग यांनी हाताने ढकललं आणि ते दुभाजकावर पडले. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा."

त्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. तो खाली बघत होता. त्याची बायको मात्र त्याच्याकडे बघत होती.

मॅडमनी जामीन रद्द केला नाही. यांना उभं करून सांगितलं की यापुढे घरातलं कोणीही, कोणत्याही कारणाने, डबा घेऊन का होईना, तिकडे गेलं तर दुसरी संधी मिळणार नाही. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी बाकावर बसले. वकीलसाहेब म्हणाले, "वाचलो. पण टॉमी काढली हे तुम्ही न्यायाधीशांसमोर बोलून बसलात, आता केसमध्ये त्याचं काय होईल देव जाणे." हे तिथेच खांबाला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात ती बाई आली. माझ्या शेजारी बाकावर डबा ठेवला आणि निघून गेली. स्वच्छ घासलेला होता. मी झाकण उघडून बघितलं. रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. मी तो घरी नेऊन मांडणीवर उलटा ठेवला.

त्यानंतर पावसाळा गेला. गाडी बॉन्डवर सुटून आली, पण यांचं लायसन तीन महिने बंद होतं, म्हणून दुसऱ्याला चालवायला दिली. तो दुसरा ड्रायव्हर गिअर फार ओढायचा. गाडी गल्लीतून गेली की हे आवाज ऐकत बसायचे.

दिवाळीच्या आधी वकीलसाहेबांचा निरोप आला. त्या माणसाने पोलिसांना पुन्हा जबाब दिला होता. टॉमी उगारली होती, पण लागली नाही, बाईने धरली, हात दुभाजकावर पडून मोडला. डॉक्टरांच्या कागदातही तसंच होतं. हत्याराचं कलम निघालं, आणि राहिलेल्या कलमात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. तडजोडीला तो तयार होता. त्याचं म्हणणं एकच होतं. दवाखान्याचा खर्च आणि चार महिन्यांचा बुडालेला पगार मिळून ब्याऐंशी हजार माझे गेले, ते परत करा. जास्त एक रुपया नको. पैसे पुरे फिटले की कोर्टात सही करीन. तोवर केस उभी राहील.

मी वकीलसाहेबांना विचारलं, "ते असं खरं कसं बोलले? त्यांचा काय फायदा?"

"बायको मागे लागली म्हणे त्याच्या," ते म्हणाले. "घरात जेवू देईना."

पहिले सतरा हजार आम्ही बहिणीकडून आणि गाडीच्या भाड्यातून उभे केले. मग महिन्याला पाच हजार ठरले. कोर्टाने भेटायला परवानगी दिली ती त्यांच्या वकिलाच्या टेबलावर, दोन्हीकडचे वकील हजर असताना. हे एकदाच आले. त्यांनी त्या माणसासमोर हात जोडले. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा," आणि डाव्या हाताची मूठ मिटायचा प्रयत्न करत राहिला. ती पुरी मिटत नव्हती. त्यानंतर हे आले नाहीत. म्हणाले, "तो हात बघवत नाही." मग दर महिन्याला मी जायला लागले, आणि त्यांच्याकडून त्याची बायको यायची.

एकटीने वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसणं मला पहिल्यांदा मरणासारखं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आम्ही दोघी नोटांकडेच बघायचो. मग एकदा तिने विचारलं, "बिबडं करतस का तुम्ही? हाताले पीठ शे." मी हो म्हटलं, विकायला करते. पुढच्या खेपेला तिने विचारलं, किती पायली ज्वारीचे करता. असं एकेका महिन्याला एकेक वाक्य. तिचा माणूस गाडी चालवायला लागला होता, पण फक्त जवळची. मी तेवढं ऐकून घ्यायची. एका महिन्यात आम्हाला पैसे जमले नाहीत. मी रिकाम्या हाताने गेले आणि तसं सांगितलं. त्यांचे वकील कुरकुरले, ती म्हणाली, "येतीन पुढला महिनामा."

हे पुन्हा गाडी चालवतात. फुटलेला आरसा बदलला. मी क्वचित त्यांच्यासोबत बसते. परवा साक्रीच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला आडवा आला आणि वर शिवी देऊन गेला. यांची बोटं गिअरवर वाजली. दोनदा. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि तसाच ठेवला. गाडी त्याच गिअरमध्ये गुरगुरत राहिली. मी पूर्ण वेळ त्या हाताकडे बघत होते. माझी भीती गेली आहे असं मी म्हणणार नाही. मिरचीचा वास आला तरी माझा हात मनगटाकडे जातो.

शेवटच्या हप्त्याला मी पाच हजार घेऊन गेले. शंभराच्या नोटा होत्या, बिबड्यांच्या पैशाच्या, म्हणून बंडल जाड दिसत होतं. त्या दिवशी तिची मुलगी पण आली होती, शाळेच्या गणवेशात. आता ती गजावर लोंबकळणारी राहिली नव्हती. त्यांच्या वकिलाने नोटा मोजल्या, मग कागद काढला आणि बोट ठेवून म्हणाले, "शंभर जास्त आहेत. दवाखान्यात दिलेले शंभर मी सुरुवातीलाच वजा केले होते. आज चार हजार नऊशेच येतात." आणि एक नोट माझ्याकडे सरकवली.

मी ती घेतली नाही. मी मुलीकडे बघितलं. नोट टेबलावर तशीच पडली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती नोट उचलली आणि बंडलात परत ठेवली.

"वकीलसाहेब, ते शंभर पोरना व्हतात," ती म्हणाली. "ते यामा धरू नका. बठ्ठा पैसा आज पुरा व्हई गया, असं लिखा."

त्यांनी जुना आकडा खोडला आणि तसं लिहिलं. तिने पेन घट्ट धरून सावकाश सही केली, मी तिच्याखाली केली. त्याच दुपारी तिच्या माणसाने कोर्टात तडजोडीच्या कागदावर सही केली. ब्याऐंशी हजार पूर्ण फिटले.